कथा-कादंबऱ्यांबरोबर कथेतर पुस्तकेही वाचायची असतील, तर ती कशी शोधावीत?

सतत एकाच प्रकारची पुस्तके हाती येत असतील, तर नवी यादी शोधण्यापूर्वी स्वतःच्या जुन्या वाचनाची नोंद करावी. अलीकडे वाचलेली पंधरा-वीस पुस्तके आठवून कागदावर लिहावीत आणि प्रत्येकापुढे त्याचा प्रकार, त्यातला प्रदेश व काळ, मूळ भाषा आणि लेखक की लेखिका एवढ्या चार गोष्टी नोंदवाव्यात. बहुतेक वाचकांच्या बाबतीत या तक्त्यातला एखादा रकाना जवळजवळ एकसारखा भरलेला दिसतो : कोणाच्या यादीत केवळ ऐतिहासिक कादंबऱ्या असतात, कोणाच्या यादीत केवळ चरित्रे, तर कोणाच्या यादीत एकही अनुवाद नसतो. पुढच्या शोधाची दिशा या तक्त्यावरून ठरवावी, कारण ‘वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तके’ यांसारख्या याद्या सर्वांसाठी एकच असतात आणि त्यांतून आपण नेमकी आपल्या ओळखीची नावे निवडतो.

तरीही सुरुवातीला एखादी तयार यादी हवीच असेल, तर साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारांची यादी घ्यावी आणि ती वर्षवार वाचावी. १९६४ ते १९६८ ही सलग पाच वर्षे उदाहरणादाखल पाहता येतील. १९६४ साली रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ या ऐतिहासिक कादंबरीला पुरस्कार मिळाला, १९६५ साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ति आणि वल्ली’ या व्यक्तिचित्रांना, १९६६ साली त्र्यं. शं. शेजवलकर यांच्या ‘श्री शिवछत्रपती’ला, १९६७ साली ना. गो. कालेलकर यांच्या ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ला आणि १९६८ साली इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ या महाभारतावरील लेखसंग्रहाला. शेजवलकरांचे पुस्तक तर पूर्ण चरित्रही नाही. संकल्पित शिवचरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधने एवढाच ऐवज त्यात आहे, आणि तरीही ते आज वाचनीय वाटते. पाच वर्षांत पाच निराळे प्रकार देणारी यादी विकत मिळणाऱ्या लोकप्रिय याद्यांमध्ये क्वचितच आढळेल. पुरस्कार म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे, परंतु निवड करणाऱ्यांची दृष्टी कथा-कादंबरीपुरती मर्यादित नव्हती, याचा फायदा वाचकाने अवश्य घ्यावा.

यादीपेक्षा अधिक विश्वासार्ह मार्ग म्हणजे हातातल्या पुस्तकाचा विषय न सोडता प्रकार बदलणे. शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ज्यांनी वाचली आहे, अशा वाचकांची संख्या मोठी आहे आणि त्यांतले बरेच जण त्यानंतर दुसऱ्या पौराणिक कादंबरीकडे वळतात. तसे न करता त्यांनी ‘युगान्त’ हाती घ्यावे. ही दोन्ही पुस्तके १९६७ साली प्रसिद्ध झाली, परंतु कादंबरी जिथे कर्णाला नायकपद देते, तिथे मानवशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या इरावतीबाई त्याच कर्णाकडे कोणतीही भीडभाड न ठेवता पाहतात. कादंबरी मनात ताजी असताना हे लेखन वाचले, तर वैचारिक गद्य जड जाते ही अनेकांची तक्रार फारशी उरत नाही, कारण पात्रे आणि प्रसंग आधीच परिचयाचे झालेले असतात. पुढे दुर्गा भागवत यांचे ‘व्यासपर्व’ घ्यावे आणि मग एस. एल. भैरप्पा यांची ‘पर्व’ ही मूळ कन्नड कादंबरी उमा कुलकर्णी यांच्या मराठी अनुवादातून वाचावी. आता वाचकासमोर दोन नव्या वाटा असतात. इरावतीबाईंचे नाव धरले, तर ‘परिपूर्ती’तील ललित लेखांकडे आणि तिथून ‘मराठी लोकांची संस्कृती’सारख्या समाजशास्त्रीय लेखनाकडे जाता येते. अनुवादिकेचे नाव धरले, तर कन्नड कथात्म साहित्याबरोबरच गिरीश कार्नाड यांच्या ‘खेळता खेळता आयुष्य’ या आत्मचरित्राचा अनुवादही सापडतो. अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर बारीक अक्षरांत छापण्याची खोड आपल्या प्रकाशन व्यवहारात अजून गेलेली नाही, त्यामुळे ते आतल्या पानावर मुद्दाम पाहावे लागते.

हीच पद्धत उलट दिशेनेही चालते. पानिपतावरची कादंबरी आवडली असेल, तर शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ वाचावे, आणि एखादा इतिहासग्रंथ किंवा आत्मकथन आधी वाचून झाले असेल, तर त्याच प्रदेशातली किंवा त्याच व्यवसायातली कथा शोधावी. ऐतिहासिक कादंबरी हाच इतिहास, असे मानण्याची सवय मराठी वाचकांत बरीच मुरलेली आहे, म्हणून या जोड्यांमध्ये निदान एकदा तरी इतिहासकाराला बोलू द्यावे.

पुस्तके प्रत्यक्ष मिळवण्यासाठी सार्वजनिक ग्रंथालयाला पर्याय नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क आणि ड अशा वर्गांत विभागलेली आहेत. शक्य असेल तर आपल्या भागातल्या वरच्या वर्गाच्या ग्रंथालयाचे सभासद व्हावे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे आहे, आणि पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा तर १८३२ पर्यंत मागे जाते. अशा जुन्या संस्थांत दुकानातून केव्हाच नाहीशी झालेली पुस्तके मिळतात. मुक्तद्वार पद्धत असेल, म्हणजे वाचकाला स्वतः कपाटातून पुस्तक काढता येत असेल, तर कादंबऱ्यांच्या कपाटापासून मुद्दाम दूर जावे. दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयांना क्रमांक देऊन पुस्तके लावण्याची पद्धत, वापरणाऱ्या ग्रंथालयात ३०० च्या आसपास समाजशास्त्रे, ५०० च्या आसपास विज्ञान, ७०० च्या आसपास कला आणि ९०० च्या आसपास इतिहास, भूगोल व चरित्रे लागतात, त्यामुळे दर खेपेला निराळ्या शेकड्यातले एक पुस्तक आणि ८०० मधले एक, म्हणजे साहित्यातले, असा साधा नियम करता येतो. कपाटे बंद असतील, तर देवघेवीच्या टेबलावर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग चाळावा, कारण ती निवड दुसऱ्या वाचकांनी केलेली असते. ग्रंथपालाला ‘काहीतरी चांगले द्या’ असे सांगितले, तर बहुधा खपाची कादंबरी मिळते. त्याऐवजी ‘नदीवर, शेतीवर किंवा गिरणगावावर काही आहे का’ असे विषयाचे नाव घेऊन विचारावे.

दिवाळी अंकांकडेही नमुन्यांची पेटी म्हणून पाहावे. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेल्या या प्रथेत कथा, कविता, रिपोर्ताज, मुलाखत आणि दीर्घ लेख एकाच अंकात शेजारी शेजारी येतात. ग्रंथालयाच्या दिवाळी अंक योजनेतून आठ-दहा अंक वाचावेत आणि ज्यांचा लेख शेवटपर्यंत वाचला गेला, अशा अनोळखी लेखकांची नावे टिपून ठेवावीत. त्यांची पुस्तके नंतर शोधता येतात, आणि अंकातले काही लेखन पुढे पुस्तकरूपानेही येते. वर्षभरासाठी १९६४ पासूनचे ‘ललित’ मासिक नव्या पुस्तकांची खबर ठेवण्यास उपयोगी आहे.

प्रकाशकांच्या सूची मागवून चाळणे हा फारसा कोणी न करणारा, पण स्वस्त उपाय आहे. मौज आणि पॉप्युलर यांच्याकडे साहित्याचा भर अधिक, मेहता यांच्याकडे अनुवादांचा, राजहंस आणि समकालीन यांच्याकडे कथेतर लेखनाचा, तर ग्रंथालीकडे आत्मकथनांचा मोठा वारसा, असे स्थूलमानाने म्हणता येईल. नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘आदान-प्रदान’ मालेतून इतर भारतीय भाषांतल्या कथा-कादंबऱ्या माफक किमतीत मिळतात. परदेशात राहणाऱ्या वाचकांना महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरची मोफत पुस्तके आणि ऑनलाइन मराठी विश्वकोश हाताशी आहेत. विश्वकोशातल्या अनेक नोंदींच्या शेवटी दिलेले संदर्भ हीदेखील एक तयार यादीच असते. महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणे झाले, तर २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ झालेल्या भिलारला थांबावे. तिथे साहित्यप्रकारांनुसार निरनिराळ्या घरांत पुस्तके मांडलेली आहेत, त्यामुळे आपल्या तक्त्यात जो प्रकार रिकामा राहिला आहे, त्याच घरात बसून चार-पाच पुस्तके चाळता येतात.

पुस्तक निवडताना कादंबरीची पहिली वीस पाने वाचून पाहणे पुरेसे असते. कथेतर पुस्तकाचे मात्र अनुक्रमणिका, प्रस्तावना, संदर्भसूची आणि मधलेच एखादे प्रकरण पाहावे. सूची नसलेल्या इतिहासाच्या पुस्तकाबद्दल थोडे सावध असावे. आरोग्य, विज्ञान, कायदा आणि अर्थकारण या विषयांत आवृत्तीचे वर्ष तपासावे, कारण ‘पुनर्मुद्रण’ असे छापलेल्या प्रतीत मजकूर बहुधा जुनाच असतो आणि ‘सुधारित आवृत्ती’ असे लिहिले असेल, तर काय सुधारले आहे हे नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सहसा सांगितलेले असते.