बाळ काचेत, आई वॉर्डात

एसएनसीयूत, म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांच्या विभागात, नव्याने रुजू झालेली सिस्टर बाळंतिणीला पहिला प्रश्न विचारते, "दूध आलं का?" मीही सुरुवातीला हेच विचारायचे. सिझर होऊन काही तास झालेले, बाळ वरच्या मजल्यावर काचेत, शेजारच्या खाटांवर बायका लेकरं पदराखाली घेऊन बसलेल्या. ती मान हलवून म्हणायची, "नाही उतरलं अजून." मी तसं लिहून घ्यायचे आणि बाळाला पावडरचं दूध सुरू व्हायचं.

एकदा तेराशे ग्रॅमच्या बाळाची आई तिसऱ्या दिवशी रडत म्हणाली, "मला पान्हाच फुटत नाही." चौकशी केली तर तिला दूध काढायला कुणी शिकवलंच नव्हतं. आम्ही सगळे दूध यायची वाट बघत होतो! त्या दिवसापासून मी "आज किती वेळा काढलंत?" एवढंच विचारते.

शक्यतो बाळंतपणानंतर तासाभरात, उशिरात उशिरा सहा तासांत सुरुवात करा. दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा, त्यातली एक वेळ रात्रीची हवीच, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. गरोदरपणाचे चौतीस आठवडे भरायच्या आत जन्मलेलं बाळ सहसा नीट ओढू शकत नाही, म्हणून त्याच्या ओढण्याचं काम आईच्या हातांनी करायचं.

हात तिचेच हवेत. नवीन मुली घाईत स्वतःच पिळायला जातात, बाई दुखण्याने आणि लाजेने आखडते. पडदा ओढा, विचारा, कापडी स्तनावर दाखवा. हात धुऊन आधी पाठ चोळायची. अंगठा वर, दोन बोटं खाली, काळसर भागाच्या कडेला. आधी छातीकडे मागे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, सोडायचं. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत, बोंड ओढायचं नाही. दुखलं तर पद्धत चुकतेय.

पहिल्या दिवशी चिकाचे थेंबच येतील. ते एक मिलीच्या सिरिंजमध्ये टिपून घ्या. वाटीत ते वाटीलाच चिकटून बसतात आणि बाईला वाटतं, काहीच आलं नाही. अर्धा मिली चीक मी तिच्यासमोरच वर नेते. नळीतून दूध सुरू नसेल तर डॉक्टरांना विचारून आम्ही तो चीक बाळाच्या गालांच्या आतून लावतो. सिरिंजवर आईचं नाव, तारीख, वेळ लिहायला विसरू नका.

बाळाला छातीशी धरून झालं की लगेच काढायला बसवा, फरक दिसतो. तरीही कमी पडलं तर मिल्क बँकेचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं, दूध पावडरपेक्षा बरं. आशियातली पहिली मिल्क बँक 1989 मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पण ते दूध जंतू मारण्यासाठी तापवताना (पाश्चराइज करताना) त्यातली थोडी संरक्षक शक्ती जातेच, म्हणून आईचं काढणं थांबवू नका.

खाटेला कागद अडकवा, दर वेळेला एक खूण. मिली लिहू नका, आकडा बघून बाई खचते. रात्री दोनची खूण राहिली तर तिला हळूच उठवा. सासूबाई म्हणतील, "झोपू द्या की तिला." त्यांना दुपारीच वर नेऊन काचेतलं बाळ दाखवा. मग रात्री त्याच उठवतात आणि पाठही चोळून देतात.