प्रायमरी कीचा नंबर डेटाबेसलाच काढू द्या

प्रायमरी की म्हणजे टेबलातली प्रत्येक रो (ओळ) वेगळी ओळखणारा कॉलम, बहुधा आयडी नंबर. टेबलातला सगळ्यात मोठा आयडी वाचायचा, त्यात १ मिळवायचा आणि इन्सर्ट करायचं, असा कोड अजूनही जागोजागी सापडतो. एकट्याने टेस्ट करताना तो चुकत नाही. दोन कनेक्शन एकाच वेळी आली की मात्र दोघांनाही मॅक्स ५०४ दिसतो आणि दोघेही ५०५ घेऊन येतात, कारण पहिल्याचं ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणारा बदलांचा गट) कमिट, म्हणजे पक्कं, होईपर्यंत दुसऱ्याला त्याची रो दिसतच नाही. कॉलमवर प्रायमरी की असेल तर दुसऱ्याला डुप्लिकेट कीचा एरर येतो. नसेल तर एकाच नंबरच्या दोन रो गुपचूप नांदू लागतात. शिवाय शेवटची रो डिलीट केली की तिचा नंबर पुढच्या रोला मिळतो. जुन्या लॉगमधला ५०५ वेगळा आणि टेबलातला वेगळा.

म्हणून नंबर काढायचं काम डेटाबेसवर सोपवा. पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून कॉलमला ‘बिगइंट जनरेटेड ऑलवेज ॲज आयडेंटिटी’ असं लिहिता येतं. मायएसक्यूएलमध्ये ऑटो इन्क्रिमेंट, एसक्यूएल सर्व्हरमध्ये आयडेंटिटी. ओरॅकलमध्ये १२सीपासून आयडेंटिटी आहे, त्याआधी सीक्वेन्स, म्हणजे ओळीने पुढचा नंबर देणारी डेटाबेसमधली सोय, वापरायचा.

टाइप बिगइंटच (८ बाइटचा पूर्णांक) ठेवा. साधा इंट २,१४,७४,८३,६४७ ला संपतो, आणि फसलेले इन्सर्टही नंबर खातात. पोस्टग्रेसचा जुना ‘सीरियल’ म्हणजे इंटच. भरलेल्या टेबलाचा इंट नंतर बिगइंट करायला गेलात तर पोस्टग्रेस सगळं टेबल नव्याने लिहितं आणि तोवर ते लॉक राहतं. सुरुवातीला दर रोमागे ४ बाइट जास्त देणं केव्हाही परवडतं.

मिळालेला नंबर परत घेताना पुन्हा मॅक्स विचारू नका. पोस्टग्रेसमध्ये इन्सर्टलाच ‘रिटर्निंग आयडी’ जोडा. मायएसक्यूएलचं ‘लास्ट इन्सर्ट आयडी’ प्रत्येक कनेक्शनपुरतं असतं, त्यामुळे पूल (आलटून पालटून वापरायच्या कनेक्शनांचा साठा) वापरत असाल तर इन्सर्ट केलेल्या कनेक्शनवरच विचारा. एका इन्सर्टमध्ये अनेक रो टाकल्या तर ते पहिल्या रोचा नंबर देतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘स्कोप आयडेंटिटी’ घ्या. ‘ॲट ॲट आयडेंटिटी’ घेतलंत आणि ट्रिगरने (इन्सर्ट होताच आपोआप चालणाऱ्या कोडने) दुसऱ्या टेबलात रो टाकली, तर त्या टेबलाचा नंबर हाती येईल.

नंबरांमध्ये फटी पडतातच. रोलबॅक झाला, म्हणजे ट्रान्झॅक्शन रद्द झालं, तरी सीक्वेन्स मागे येत नाही, आणि हे मुद्दाम तसं केलेलं आहे: नाहीतर पहिल्याचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्याला ताटकळावं लागलं असतं. सलग पावती क्रमांक हवेच असतील तर ते आयडीपासून वेगळे ठेवा. काउंटरचं एक टेबल करा, त्यातली रो अपडेट करून नंबर घ्या आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पावती लिहा. कमिटपर्यंत ती रो लॉक राहते, बाकीचे थांबतात. म्हणून ही पायरी ट्रान्झॅक्शनच्या अगदी शेवटी घ्या.

बाहेरून डेटा आयात केल्यानंतरची गडबड नेहमीची. आयडीसकट १ ते ८०० रो भरल्या, पण सीक्वेन्सला त्याचा पत्ताच नसतो. पुढचा साधा इन्सर्ट १ मागतो आणि आपटतो. पोस्टग्रेसमध्ये आयात संपताच, इतर लिखाण सुरू होण्याआधी, ‘सेटव्हॅल’ने सीक्वेन्स मॅक्स आयडीवर आणून ठेवा. ‘ऑलवेज’ लिहिण्याचा फायदा इथे दिसतो: हाताने दिलेला आयडी इन्सर्ट सहजासहजी स्वीकारत नाही, त्या जागी ‘बाय डीफॉल्ट’ लिहिलं असेल तर मात्र निमूट घेतो.

अनेक सर्व्हर किंवा ऑफलाइन ॲप स्वतः आयडी बनवणार असतील तर यूयूआयडी, म्हणजे कुणालाही न विचारता बनवता येणारा १२८ बिटांचा आयडी, घ्या. आवृत्ती ४ मध्ये १२२ बिट रँडम असतात, त्यामुळे टक्कर होण्याची काळजी नको. त्रास इंडेक्सला (रो पटकन शोधण्यासाठी ठेवलेल्या क्रमवार यादीला) होतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण इंजिनमध्ये रो प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवल्या जातात. रँडम की कुठल्याही पानात (रो साठवायच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यात) घुसते, पानं फुटतात. २०२४ मध्ये प्रमाणित झालेल्या आवृत्ती ७ मध्ये पहिले ४८ बिट मिलिसेकंदातल्या वेळेचे असल्यामुळे नव्या की शेवटी लागतात. पण त्यातून रो कधी तयार झाली ते बाहेरच्यालाही वाचता येतं. ते चालणार नसेल तर ४ च बरी. पोस्टग्रेसच्या १८ व्या आवृत्तीत ७ साठी तयार फंक्शन आहे.

साठवताना पोस्टग्रेसमध्ये यूयूआयडी टाइप आणि मायएसक्यूएलमध्ये बायनरी १६ वापरा. ३६ अक्षरांचा मजकूर म्हणून ठेवलात तर जागा दुपटीहून जास्त लागते, आणि इनोडीबीतला प्रत्येक दुय्यम इंडेक्स तेच ओझं पुन्हा वाहतो.