पहिली-दुसरीतल्या मुलासाठी मराठी पुस्तक कसे निवडावे

मुखपृष्ठावर छापलेला 'वय वर्षे ६ ते ८' हा शिक्का पुस्तक निवडताना फारसा उपयोगी पडत नाही. त्या वयाचे एखादे मूल सलग परिच्छेद वाचत असते, तर दुसरे अजून काना-वेलांटीशी झगडत असते. वयाऐवजी दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्यात: मूल डोळ्यांनी किती वाचू शकते आणि कानांनी ऐकलेले किती समजू शकते. या दोन पातळ्या बहुधा सारख्या नसतात.

मराठीत हा भेद विशेष जाणवतो, कारण आपली लिपी बऱ्याच अंशी उच्चाराप्रमाणे चालते आणि अक्षरे ओळखू लागलेले मूल अर्थ न कळताही शब्द बिनचूक म्हणू शकते. 'आजोबांनी ओसरीवर घोंगडी अंथरली' या वाक्यात एकही जोडाक्षर नाही, त्यामुळे सदनिकेत वाढलेले मूल ते अडखळल्याशिवाय वाचेल. मात्र ओसरी आणि घोंगडी या दोन्ही वस्तू त्याने पाहिलेल्या नसतील, तर वाक्याचे चित्र त्याच्या मनात उभे राहणार नाही. उलट रिक्षा आणि क्रिकेट हे शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातले असले, तरी 'क्ष' आणि 'क्रि' पाशी त्याची गाडी अडते. पहिल्या प्रकारची अडचण मोठ्यांच्या लक्षातही येत नाही, आणि म्हणूनच ती अधिक त्रासदायक ठरते.

इंग्रजी वाचनासाठी पाच बोटांचा एक नियम सांगतात: मुलाने पुस्तकातले एक पान वाचावे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडावे आणि पाचही बोटे दुमडली गेली, तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवावे. मराठी पुस्तकासाठी हा नियम वापरताना केवळ अडखळणे मोजू नये. पान वाचून झाल्यावर, न अडखळता वाचलेल्या शब्दांपैकी दोन-तीन शब्द निवडून 'हे म्हणजे काय असेल?' असे सहज विचारावे. त्यानंतर पुस्तक मिटून गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावी. मूल बोलीत सांगो, मधले प्रसंग गाळो, नावे विसरो. कोणी काय केले आणि का केले एवढे त्याच्या सांगण्यात आले, तर पुस्तक त्याला कळले असे समजावे. पुस्तकातलीच वाक्ये जशीच्या तशी परत आली आणि 'का' या प्रश्नावर ते गप्प झाले, तर त्याने केवळ पठण केले आहे. ही तपासणी परीक्षेसारखी वाटली की मूल पुस्तकालाच कंटाळते, तेव्हा ती गप्पांच्या ओघात आणि कधीमधीच करावी.

दुकानात पुस्तक हाती घेतल्यावर मधली दोन पाने स्वतः मोठ्याने वाचून पाहावीत. अनुवादित पुस्तकांची वाक्ये पुष्कळदा मोठ्यांच्याही जिभेवर अडतात, आणि ती मुलाच्या जिभेवर रुळण्याची शक्यता कमीच असते. जोडाक्षरे किती आहेत ते पाहावे, आणि त्याचबरोबर शब्दांची लांबीही पाहावी. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून झालेला 'डोंगरापलीकडच्यांनासुद्धा' यासारखा शब्द नवशिक्या वाचकाला शेवटापर्यंत पोहोचता पोहोचता सुरुवात विसरायला लावतो. टंक मोठा हवा, रफार आणि अनुस्वार स्पष्ट उमटलेले हवेत आणि मजकूर गडद चित्रावर छापलेला नसावा. चित्रांनी गोष्टीचा काही भाग स्वतः सांगितला पाहिजे, म्हणजे अडलेल्या शब्दाचा अंदाज चित्रावरून बांधता येतो.

चार ओळींत आटोपलेल्या बोधकथा लहान म्हणून सोप्या मानल्या जातात. माझ्या मते तो गैरसमज आहे. संक्षेप करताना कारणे आणि पात्रांच्या मनातले विचार गळतात, आणि ते दुवे जोडण्याचे काम लहानग्या वाचकावर येऊन पडते. त्यापेक्षा एकच वाक्यरचना पुन्हा पुन्हा येणारी लांब गोष्ट त्याला सोपी जाते.

इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या किंवा परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांची समज वाचनापेक्षा बरीच पुढे असते. आठ वर्षांच्या अशा मुलाला तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेले पुस्तक दिले, तर अक्षरे जमतील, पण विषय बाळबोध वाटून त्याचा अपमान होईल. त्याच्यासाठी विनोद, कोडी किंवा संवाद असलेला थोडा मजकूर स्वतः वाचण्यास निवडावा आणि त्याच्या वयाची भरगच्च गोष्ट मोठ्यांनी वाचून दाखवावी. घरात वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलली जात असेल, तर प्रमाण मराठीतले काही शब्द मुलाला परके वाटतील. त्यांचे घरगुती प्रतिशब्द आधी बोलून घ्यावेत.

खरेदीपूर्वी मुलाची पातळी अजमावायची असल्यास 'प्रथम बुक्स' या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेचे 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ सोयीचे आहे. तेथे मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या असून त्या विनामूल्य वाचता येतात. एका पातळीच्या दोन-तीन गोष्टी सहज झाल्या की पुढच्या पातळीची एक उघडून पाहावी. सलग वाचनाची सवय जडल्यावर बालभारतीच्या, १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाकडे वळावे; त्यात निरनिराळ्या लांबीचा मजकूर असल्यामुळे मुलाला आपल्या कुवतीचे पान स्वतः शोधता येते. आवडीच्या विषयावरचे थोडे अवघड पुस्तक मुलाने हट्टाने मागितले, तर ते नाकारू नये. वाचून दाखवायच्या पुस्तकांत त्याला जागा द्यावी आणि अधूनमधून एखादा परिच्छेद त्याच्याकडून वाचून घ्यावा.