विनोदी कवितासंग्रह काढताय? या चुका टाळा

आमच्या कोकणात विषयांना तोटा नाही. आंब्याची पेटी, लाल डबा, गणपतीला आलेले चाकरमानी, माडावरचे वांदर. तरीही रोजच्या जगण्यावरचे बरेच विनोदी संग्रह दहाव्या पानावर धापा टाकतात. खोट विषयात नसते, हाताळणीत असते.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे हशा आल्यावरही बोलत राहणं. हे पाहा:

आली आली वीज
म्हणेतो ती गेली
मिक्सरात मेली
सोलकढी

इथे थांबायचं. पण कवीला राहवत नाही. तो पुढे आईची चिडचिड, पाहुण्यांचे चेहरे आणि वीज खात्याला टोमणा असं सगळं जोडतो आणि सोलकढी दुसऱ्यांदा मारतो. गंमत ज्या शब्दात आहे तो कडव्याचा शेवटचा शब्द हवा. वाचताना हसू आधीच्या ओळीत आलं, तर शब्दांची जागा बदला. नवी ओळ लिहू नका.

दुसरी चूक, ‘विनोदीच तर आहे’ म्हणून छंद ढिला सोडणं. खरं तर गंभीर कवितेला मुक्तछंद चालतो, विनोदाला ताल लागतोच. वरचं कडवं मोठ्या अभंगाचं आहे: अक्षरं ६, ६, ६, ४, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. वाडीवाडीत भजनं होतात, त्यामुळे ही चाल आपल्या लोकांच्या कानात बसलेली असते. अक्षरं बोटांवर मोजा. नंतर टाळी वाजवत मोठ्याने म्हणा. अडखळलात तिथे दुरुस्ती. देवापुढे घालतात त्या गाऱ्हाण्याचा साचाही वापरून बघा. दर मागणीनंतर ‘व्हय म्हाराजा’ आलं की अर्धं काम झालं. मात्र मागण्या चढत्या क्रमाने हास्यास्पद हव्यात.

बोलीचं म्हणाल, तर प्रमाण मराठीत दोन-चार ‘माका-तुका’ पेरून मालवणी होत नाही. कुडाळची बोली वेगळी, संगमेश्वरची वेगळी. घरात बोलत असाल तर कविता पूर्ण बोलीत लिहा, नाहीतर बोली फक्त पात्राच्या तोंडी ठेवा.

वाडीतला माणूस नाव न घेताही ओळखू येतो. शेजाऱ्याच्या तोतरेपणावर लिहाल तर पुढच्या शिमग्याला तुमच्याशी कोणी बोलणार नाही. त्याच्या कंजुषीवर लिहायला हरकत नाही, पण त्या कवितेत स्वतःलाही ओढा.

वात्रटिका घराघरांत नेणारे मंगेश पाडगावकर १९२९ साली वेंगुर्ल्यात जन्मले, म्हणून इथल्या प्रत्येकाला चार ओळींचा मोह पडतो. पण सबंध पुस्तक चार ओळींचं केलं की कान कंटाळतो. दोन-तीन छोट्यांनंतर एक लांब कविता घ्या आणि मधूनच एखादी अजिबात न हसवणारी.

आता छपाई. पावसाळ्यात पुस्तकं आणून पडवीत ठेवू नका. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. दमट हवेत पानं वाकतात, बुरशी धरते. खाऱ्या वाऱ्याने पिना गंजतात, तेव्हा बारीक पुस्तकालाही दोऱ्याची शिलाई घ्या. छापून एप्रिलअखेर हातात आलं, तर मे महिन्यात घरी आलेले मुंबईकर विकत घेतील.

फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं, साधारण १६ पानांचा असतो, म्हणून ४८ किंवा ६४ पानांचा हिशेब आधी जुळवा. दोन-तीन पानं उरली तर मनोगत लांबवू नका. कोरी सोडा, दुधाचा हिशेब लिहायला कामी येतात.