ख्रिसमस कॅक्टसला कळ्या येत नाहीत? या चुका टाळा

निवडुंग म्हटलं की कडक ऊन आणि घोटभर पाणी, हे डोक्यात बसलेलं असतं. ख्रिसमस कॅक्टस मात्र आग्नेय ब्राझीलच्या दमट डोंगरी जंगलातला. झाडांच्या फांद्यांवर, खडकांच्या कपारीत साचलेल्या पाल्यात तो वाढतो. थेट दुपारच्या उन्हात त्याच्या कांड्या, म्हणजे पानांसारखे दिसणारे खोडाचे चपटे तुकडे, लालसर पडतात. त्याला भरपूर उजेड द्या, पण आडोशाचा.

कांड्या मलूल दिसल्या की पहिला हात झारीकडे जातो. थांबा. तहानलेलं झाड असंच लोंबतं आणि मुळं कुजलेलंही. मातीत बोट घालून बघा. माती कोरडी, कुंडी उचलायला हलकी, तर पाणी द्या. माती ओली असूनही झाड मलूल असेल तर ते कुंडीतून बाहेरच काढा. चांगली मुळं पांढरट आणि घट्ट असतात. कुजलेली तपकिरी, चिमटीत धरली की साल सुटून हातात येते. तेवढी कापून टाका आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) यांच्या भुसभुशीत मिश्रणात झाड पुन्हा लावा. कुंडी मुळांच्या बेताचीच हवी. मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते आणि पुन्हा तेच दुखणं. मुळं वाचण्यासारखी नसतील तर दोन-तीन निरोगी कांड्यांचा तुकडा हलका पीळ देऊन तोडा, एक-दोन दिवस सावलीत सुकवा आणि नव्याने लावा.

कळ्याच येत नसतील तर खताला दोष देण्याआधी रात्रीचा दिवा बघा. कळ्या धरायला या झाडाला साधारण सहा आठवडे, रोज 13-14 तास सलग अंधार लागतो. ते दिवाणखान्यात असेल तर घरचे झोपेपर्यंत त्याचा दिवस संपतच नाही! संध्याकाळी झाडावर खोका झाकायचा, सकाळी काढायचा. कंटाळवाणं आहे, पण उपाय चालतो. रात्रीचं तापमान 10 ते 15 अंश सेल्सिअस असेल तर एवढ्या अंधाराचीही गरज उरत नाही. उकाड्यात मात्र अंधार देऊनही कळ्या धरणं अवघड.

कळ्या आल्यावर कौतुकाने कुंडी इकडून तिकडे हलवू नका. बदललेली जागा, हीटरची झळ, पार वाळलेली माती, यांतलं काहीही कळ्या गाळायला पुरतं. पिकत्या फळांची टोपलीही शेजारी नको. त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या गळतात. कुंडी बदलायची असेल तर फुलं ओसरल्यावर.