सपोर्टला नवीन लागलात? टिकीट बंद करण्याआधी एवढं बघा

पहिलं पोस्टिंग सपोर्टला मिळालं की बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. कोडिंग शिकून आलो आणि हाती पडली टिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी, असं वाटतं. पण बिलिंग, स्टॉक, पगार यांचं सॉफ्टवेअर नेमकं कुठे मोडतं हे डेव्हलपरच्या आधी सपोर्टवाल्याला कळतं. ती माहिती कोडपर्यंत पोचली नाही, तर तेच टिकीट दर महिन्याला नवा नंबर घेऊन परत येतं.

“सिस्टिम चालत नाहीये” एवढ्यावर कामाला लागू नका. बिल नंबर, युजर आयडी, वेळ आणि अख्ख्या खिडकीचा स्क्रीनशॉट मागून घ्या. शेजारच्या कॉम्प्युटरवरही तसंच होतंय का आणि कालपासून काय बदललं, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा “काहीच नाही” असं उत्तर मिळतं. तरी डिप्लॉयमेंटची (नवा कोड सर्व्हरवर चढवल्याची) नोंद, आयटम मास्टरमधले (वस्तू आणि त्यांच्या दरांच्या यादीतले) बदल आणि सर्टिफिकेटची मुदत स्वतः तपासा.

लॉग, म्हणजे सर्व्हरनं ठेवलेल्या नोंदी, उघडल्यावर आधी घड्याळ बघा. सर्व्हर बऱ्याचदा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर असतो, त्यामुळे दुपारी ३ ची तक्रार लॉगमध्ये ९:३० ला सापडेल. रात्री १२ ते पहाटे ५:३० मधली बिलं आदल्या तारखेला पडत असतील तर संशय इथेच घ्या. एरवी कुणाच्या लक्षात येत नाही, पण १ तारखेच्या रात्रपाळीची विक्री मागच्या महिन्यात गेली की अकाउंट्सवाले हमखास फोन करतात.

डेटा दुरुस्त करायची वेळ आली तर घाई नको. अपडेटला (डेटा बदलणाऱ्या आज्ञेला) कोणत्या ओळी ते सांगणारी जी व्हेअरची अट लावणार, तीच घालून आधी सिलेक्ट (ओळी नुसत्या दाखवणारी आज्ञा) चालवा आणि किती ओळी येतात ते लिहून ठेवा. मग ट्रान्झॅक्शन सुरू करून अपडेट. ओळींचा आकडा जुळला तर कमिट (बदल कायम), नाहीतर रोलबॅक (बदल मागे). एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या मॅनेजमेंट स्टुडिओत एक सापळा आहे: माउसनं जेवढा मजकूर निवडलेला असतो तेवढाच चालतो. व्हेअरची ओळ निवडीबाहेर राहिली की अख्खं टेबल बदलतं. ट्रान्झॅक्शन सुरू केलेलं असेल तर निदान परत फिरता येतं. मात्र ते उघडं ठेवून चहाला गेलात, तर डीफॉल्ट सेटिंगमध्ये त्या ओळी लॉक राहतात आणि काउंटरवरचे स्क्रीन अडकून पडतात.

डेटा सरळ झाला म्हणजे टिकीट बंद करता येतं, पण चूक अजून कोडमध्येच असते. जीएसटीचंच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुपावरचा दर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. ज्यांनी आयटम मास्टरमध्ये १२ खोडून ५ टाकले, त्यांची नवी बिलं बरोबर आली. मग २० सप्टेंबरच्या बिलातला माल २५ तारखेला परत आला आणि क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद) ५ टक्क्यांनी निघाली. ती मूळ बिलाच्या दरानं, म्हणजे १२ टक्क्यांनीच निघायला हवी. सपोर्टनं तेवढी एक नोट हातानं सुधारली तर पुढच्या परताव्याला पुन्हा तेच. खरा उपाय म्हणजे दराचं वेगळं टेबल, त्यात ‘लागू दिनांक’, आणि क्रेडिट नोटेचा दर मूळ बिलाच्या ओळीतून उचलणं. सोबत तीन टेस्ट: २१ चं बिल, २२ चं बिल, आणि २१ च्या बिलावरची २५ ची क्रेडिट नोट. तिसरी टेस्ट जुन्या कोडवर नापास व्हायलाच हवी. होत नसेल तर टेस्टच चुकली आहे. टेस्टच्या नावात टिकीट नंबर घाला. दोन वर्षांनी कुणी ती काढायला निघालं तर कारण समोर असेल.

मराठी मजकुराची टेस्ट तर जवळजवळ कुणीच करत नाही, आणि ही गोष्ट आपणच लावून धरायला हवी. ओरॅकल डेटाबेसमध्ये शहराचा कॉलम ३० लांबीचा ठेवला की ते डीफॉल्टनं ३० अक्षरं नव्हे, ३० बाइट (साठवणीचं माप) होतात. ‘छत्रपती संभाजीनगर’मध्ये मात्रा, अनुस्वार, हलन्त वेगवेगळे मोजून १६ चिन्हं आणि एक मोकळी जागा आहे. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ४८ अधिक १, एकूण ४९. ‘पुणे’, ‘नाशिक’ नीट सेव्ह होतात आणि इथे ओआरए-१२८९९ (मजकूर कॉलममध्ये मावत नाही) ही एरर येते. कॉलम ‘३० कॅरॅक्टर’ असा घोषित केला की प्रश्न मिटतो. टेस्ट डेटामध्ये सगळे ‘टेस्ट१’, ‘टेस्ट२’ रोमन लिपीत भरले असतील तर ही चूक ग्राहकाच्या काउंटरवरच सापडणार.

दुरुस्ती कधी चढवायची हेही सपोर्टच सांगू शकतो. महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) ११ तारखेला आणि ३बी (एकूण कराचा गोषवारा) २० ला असतं. त्या तारखा, त्यांच्या आदले दिवस आणि महिनाअखेर सोडून द्या. चढवलेली दुरुस्ती मागे घेणारी रोलबॅकची स्क्रिप्ट आधी टेस्ट सर्व्हरवर चालवून बघा, तीही खऱ्यासारखा डेटा भरून. रिकाम्या टेबलावर ती बिनतक्रार चालते. वाढवलेल्या कॉलममध्ये एकदा लांब नावं जाऊन बसली की ओरॅकल तो परत लहान करू देत नाही.