दारू आणि डिप्रेशन दोन्ही असेल तर उपचार एकत्रच करा, कसे ते सांगते

घरातला माणूस रोज पितो, आणि सोबत झोप नाही, धडधड होते, उगाच संशय घेतो, नाहीतर दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. मग घरात वाद सुरू होतो की आधी काय बघायचं. कोण म्हणतं आधी सोरो (दारू) बंद कर मग डोक्याचं बघू, कोण म्हणतं टेन्शन गेलं की पिणं आपोआप सुटेल. या वादात वर्षं जातात हो, आणि तोवर दोन्ही आजार एकमेकांना वाढवत राहतात, कारण मन लागत नाही म्हणून तो पितो आणि पितो म्हणून मन आणखी बिघडतं. दोन्हीवर एकाच वेळी, शक्यतो एकाच डॉक्टरकडे, एकाच फाईलवर उपचार व्हायला हवेत.

पण आधी धोक्याचं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी अचानक तोडू नका. आपल्याकडे श्रावण लागला की नाहीतर चतुर्थीच्या तोंडावर घरचे शपथ घालतात, तो पण बिचारा मनावर घेऊन एकदम थांबतो. मग काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात, कुठे आहोत तेच कळत नाही. याला नाटक किंवा बाहेरची बाधा समजू नका, यात जीव जाऊ शकतो. १०८ ला फोन करा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं आणि बी-वन जीवनसत्त्व देऊन तीच दारू बरीच सुरक्षितपणे सोडवता येते.

डॉक्टरकडे जायच्या आधी एक वहीचं पान काढा. पिणं कधी वाढलं, उदासी किंवा भीती कधी सुरू झाली, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मधे कधी महिनाभर प्यायला नव्हता का आणि तेव्हा मन कसं होतं. हे एवढं लिहून नेलं तर डॉक्टरला फार मदत होते, कारण नुसत्या दारूमुळे आलेली उदासी बऱ्याचदा तीन-चार आठवडे न पिता गेले की उतरते, आणि उतरली नाही तर तो वेगळा आजार धरून उपचार करावे लागतात. पण मरायचं बोलत असेल किंवा कानात आवाज येत असतील तर एक दिवस पण थांबू नका. गांजा, झोपेच्या गोळ्या, सिगरेट, सगळं खरं सांगा. झोपेची गोळी आणि दारू एकत्र झाली तर श्वास मंदावतो, आणि सिगरेट अचानक सोडली तर क्लोझापिनसारख्या भास-संशयावरच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणजे डोस बघावा लागतो.

जेवणात गुपचूप दारू सोडायची गोळी घालणं, हे कृपा करून करू नका!! ती गोळी म्हणजे बहुतेक डायसल्फिराम, ती पोटात असताना प्यायला तर बीपी कोसळू शकतं, आणि आधीच भास-संशय असलेल्याला ते औषध आणखी बिघडवू शकतं.

जायचं कुठे? गोव्यात बांबोळीला जीएमसीजवळच (गोवा मेडिकल कॉलेज) आयपीएचबी हे मनाच्या आजारांचं हॉस्पिटल आहे, सरकारी, तिथे मनाचे आणि व्यसनाचे दोन्ही उपचार होतात. लोक काय म्हणतील म्हणून डिचोली-पेडण्याहून माणसं तिथे जायला लाजतात, पण लाजून बरं होत नाही. नुसत्या बोलण्याने काय होणार असं वाटत असेल तर ऐका, संगथ संस्थेने आपल्याच गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या माणसांकडून समुपदेशन करून बघितलं, पिणाऱ्यांसाठी चारपर्यंत सेशन्स आणि डिप्रेशनसाठी सहा ते आठ, दोन्हीचा फायदा झाला आणि ते २०१७ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. म्हणजे गोळी आणि बोलणं दोन्ही मागून घ्या.

खाजगी सेंटरमध्ये ठेवणार असाल तर आधी स्वतः जाऊन बघा, सायकियाट्रिस्ट येतो का, चालू असलेल्या मनाच्या गोळ्या बंद तर करत नाहीत ना, घरच्यांना भेटू देतात का. गोळ्या म्हणजे पण नशाच असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. विमावाले दारूमुळे झालं म्हणून हा मानसिक आजारच नाही असं म्हणाले तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दाखवा, त्याच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्सशी जोडलेले मनाचे त्रास पण येतात.

आणि पुन्हा प्यायला तर? उर्राकचा (काजूच्या दारूचा) सीझन येतो, लग्नं येतात, होऊ शकतं. बहुतेक घरांत तेव्हा डिप्रेशनची गोळी पण बंद केली जाते, काल प्यायला ना मग आज कशाला म्हणून, आणि मग दोन्हीकडून कोसळतो. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरला विचारून ठेवा की प्यायला तर कुठली गोळी चालू ठेवायची आणि कुठली नाही, आणि तो कागद फ्रिजवर चिकटवा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, त्याच्यासाठीच नाही, तुम्ही थकलात तर तुमच्यासाठी पण लावा.